सुती टेप

४ फेब्रुवारी

भावोजी,

त्या दिवशी सकाळी मी आधी पाणी भरलं. दोन बादल्या आणि मोठं पिंप. मग आईंना तोंड धुवायला पाणी दिलं. तेव्हा त्या स्वतःचं सगळं स्वतः करत होत्या, फक्त पाणी कोमट की कढत यावरून आमची रोज बोलणी व्हायची. तुमच्या दादांचा डबा भरला. नर्सबाईंचे अठरा पांढरे कोट काजं-बटणं होऊन खुर्चीवर पडले होते, ते टेबलावर आणले. सुती कापडाला इस्त्री करायची तर आधी पाणी शिंपडून गुंडाळी करून ठेवावी लागते, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते. मी सहा-सहा कोटांच्या तीन गुंडाळ्या केल्या आणि टेबलावर एका कडेला ठेवल्या. केर काढला, फरशी पुसली. दादा म्हणाले, "माझा शर्ट आधी मीच करून घेतो. तू एकदा कोट हातात घेतलेस की मी छापखान्यात बनियनवर जायचा." पुढचं तुम्हाला माहीत आहे.

परवा तुमचं पत्र आलं तेव्हाही मी पाणीच भरत होते, म्हणून हे आठवलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं सुचलं नाही.

अकरा वर्षांत तुम्ही पहिल्यांदा लिहिलंत. चारच ओळी आहेत, मी त्या खूप वेळा वाचल्या. वायरिंगचं काम सोडलं, आता एका गोदामात दिवसभर खोक्यांना टेप मारतो, असं लिहिलं आहे. तुमच्यासारख्या कारागिराने खोकी बंद करावीत हे वाचून कसंसंच झालं. मग लिहिलं आहे, "दादाच्या इस्त्रीच्या वायरीला जोड दिला तेव्हा मी घाईत होतो. टेप लावली होती असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. आता वाटतं, राहिलीच असेल." आणि शेवटी, "वहिनी, आई आहे तोवर एकदा येऊन जाऊ का? तुम्ही हो म्हणालात तरच येईन."

आईंना आता अजिबात दिसत नाही. मागच्या महिन्यात मोरीत पडल्या, तेव्हापासून अंथरुणावर आहेत. जीभ मात्र शाबूत आहे. मी खिडकीशी बसून वाचते तेव्हा म्हणतात, "वाच, वाच. वाचून वाचून डोळे माझ्यासारखे करून घे, म्हणजे दोघी मिळून चाचपडू." डॉक्टरांनी महिना-दोन महिने सांगितले आहेत. तुमच्या ताई रविवारी येऊन जातात.

तुमचा विषय त्या काढू देत नाहीत. थोरल्याला धाकट्याने मारलं, हे त्यांचं वाक्य अजून आहे तसंच आहे. अशा वेळी तुम्ही दारात उभे राहिलात तर त्यांच्या जिवाला सोसणार नाही. म्हणून म्हणते, एवढ्यात येऊ नका. मी पुढे कळवीन.

तब्येतीला जपा.

वहिनी


१९ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं कार्ड मिळालं. "बरं. येत नाही." एवढंच लिहिलंत. तुम्ही लहानपणापासून असेच, असं दादा सांगायचे. जेवायला नाही मिळालं तरी बरं म्हणायचं.

ते कार्ड मी शिलाई मशीनवर, दोऱ्याच्या रिळाला टेकवून ठेवलं होतं. आठवडाभर त्याच्यासमोर बसून शिवलं. शाळेच्या गणवेशाचा एक गळा उलटा बसवला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आधीच्या पत्रात मी सकाळची सगळी कामं लिहिली, आणि एक लिहिलं नाही. ते त्या सकाळचं नव्हतंच, त्याआधी चार महिन्यांचं होतं. आता लिहिते. तुम्ही बसून वाचा.

तुम्ही टेप लावली होती.

राहिली नव्हती, विसरला नव्हतात, घाईतही नव्हतात. वायर इस्त्रीला टेकून जळाली होती, तुम्ही जळका तुकडा कापलात आणि जोड दिलात. मी समोर काजं करत बसले होते. तुम्ही दोन्ही तारा वेगवेगळ्या काळ्या टेपने गुंडाळल्यात, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवून, मग दोन्ही मिळून वरून आणखी एक थर. टोक थोडं दुमडून ठेवलंत. मी विचारलं, हे टोक असं का? तुम्ही म्हणालात, "उद्या कुणाला उघडायचं झालं तर नखाने सापडायला हवं ना, वहिनी. नाहीतर तो मला शिव्या देईल." मला सगळं आठवतं. हात बघायची सवय आहे मला, कारागिराचे तर जास्तच.

मग उन्हाळा कडक झाला. तुमची टेप चांगली होती, पण इस्त्रीची धग आणि वरून पत्र्याचं छप्पर. तिचा डिंक कडेने पाझरायला लागला. इस्त्री फिरवताना वायर कापडावरून घासत जाते. पांढऱ्या कोटांवर काळे चिकट डाग पडायला लागले. तीन कोट दवाखान्याने परत पाठवले. मी तुम्हाला निरोप धाडला, तुम्ही उलट निरोप दिलात, "रविवारी येतो, तोवर तिला हात लावू नका, वरून कापड धरून इस्त्री करा." त्या रविवारी तुम्हाला दवाखान्यात वायरमनची जादा पाळी लागली. पुढच्या रविवारीही.

मी हात लावला. तुम्ही ठेवलेलं टोक नखाने लगेच सापडलं.

काळी टेप सगळी काढली. तारांवरचा डिंक चिंधीला रॉकेल लावून पुसला, तारा अगदी लखलखीत केल्या. आणि कोटाच्या कॉलरच्या आतून आम्ही शिवतो ती सुती टेप, बोटभर रुंदीची, पांढरीशुभ्र, ती गुंडाळली. तुम्ही केलं होतं अगदी तसंच केलं. आधी एकेक तार वेगळी, प्रत्येक वेढा अर्धा चढवून, मग दोन्ही मिळून वरून एक थर. सुती टेप चिकटत नाही, म्हणून कड दुमडून आत घेतली आणि हातशिलाईचे बारीक टाके घालून बंद केली. चौदा टाके. तुमच्या टेपपेक्षा माझं काम नीटस दिसत होतं. मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही लिहिते, लपवत नाही.

रबर आणि सूत यात काय फरक ते मला कळत नव्हतं असं नाही. वीज सुतातून जात नाही हे मला माहीत होतं. कोरड्या सुतातून. ओल्याचा विचारच मनात आला नाही. मी रोज कापड ओलं करते, रोज बघते की सूत पाणी कसं ओढून घेतं, एका टोकाला शिंपडलं की दुसऱ्या टोकापर्यंत कसं जातं. त्यावरच तर माझी इस्त्री चालते. तरी आला नाही.

चार महिने काही झालं नाही. त्या सकाळी टेबलावर कोटांच्या ओल्या गुंडाळ्या ठेवल्या त्या वायरीवर ठेवल्या. तासभर तो जोड त्यांच्याखाली होता. दादांनी बटण लावून वायर ओढून घेतली, ती नेमकी तिथेच धरून. अनवाणी होते. फरशी मी नुकतीच पुसली होती.

यात तुमचा कुठेही हात नाही.

मग सगळे जमले, शेजारच्या चावीवाल्याने वायर उचलून बघितली आणि म्हणाला, "जोड तर उघडाच आहे." तुम्ही धावत आलात. तुम्ही म्हणालात, मी टेप लावली होती, दोन थर. आई म्हणाल्या, "मग काय हवेत विरली?" कुणालाच टेपचा तुकडा सापडला नाही. तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. "वहिनी, तुम्ही रोज हिने इस्त्री करता. तुम्ही सांगा, टेप होती की नव्हती?"

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

तेवढ्या शब्दांवर वीज तपासणीच्या साहेबांनी अहवाल लिहिला, तुमचा वायरमनचा परवाना गेला, दवाखान्यातली नोकरी गेली आणि आईंनी तुम्हाला दार बंद केलं. मी आत बसून होते. मला कुणी काही विचारत नव्हतं, विधवा बाईला काय विचारायचं.

तुम्ही येऊ का असं मला विचारता. खरं तर मी तुम्हाला विचारायला हवं.

या पत्राला उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

वहिनी


२ मार्च

भावोजी,

उत्तर आलं नाही. मीच चालेल असं लिहिलं होतं, तरी रोज टपालवाल्याची वाट बघते. तो बिचारा लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

आईंना चार दिवस दवाखान्यात ठेवून परत आणलं. सलाईनची सुई धरायला हातावर चिकटपट्टी लावली होती. त्यांची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे, नर्सने एका ठिकाणची पट्टी ओढली तर पट्टीबरोबर ती आली. आईंनी तिला असं काही सुनावलं की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. उरलेल्या पट्ट्या मी घरी काढते म्हटलं. तेल लावून भिजवत ठेवल्या आणि कडेकडेने सोडवत गेले. दुपारचा सगळा वेळ त्यातच गेला.

आई म्हणाल्या, "हात हलका आहे तुझा."

मी पुढची कड सोडवायला घेतली.

"धाकट्याचं पत्र आलंय ना?"

मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं?

"आंधळी झालेय, बहिरी नाही. शाळेचे गणवेश शिवणारीला कोण पत्र लिहितंय? तू पत्र उघडलंस, घडी केलीस, पुन्हा उघडलंस. दहा वेळा. काय म्हणतो?"

"यायचं म्हणतात."

"कशाला? एकाला पोचवलंन, आता मला पोचवायला?" मग म्हणाल्या, "जाड झाला का ग? लहानपणी नुसती काडी होता."

पत्रातून तब्येत कशी कळणार, असं मी म्हटलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. माझ्या हातात त्यांचा हात होता, तेलाने निसरडा झालेला. तेव्हा सांगायला हवं होतं. शेवटची पट्टी निघाली आणि मी उठून हात धुवायला गेले.

मी तुम्हाला निम्मंच लिहिलं आहे. पत्र टाकून आले आणि बरं वाटलं, हलकं वाटलं, दोन दिवस चांगली झोप लागली. मग लक्षात आलं, हलकं वाटलं कारण जड ते ठेवून घेतलं होतं.

लोकांना टेपचा तुकडा का सापडला नाही, हे तुम्ही स्वतःला विचारलं असेल. तुम्ही हुशार आहात. मागचं पत्र वाचून झाल्यावर तुमच्या मनात तेच आलं असेल.

दादा पडले. मी आधी बटण बंद केलं, एवढं तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांच्याजवळ गेले. डोळे अर्धवट उघडे होते. हाक मारली. मग मी वायर बघितली. सुती टेप ओली होती, एका बाजूला पिवळी पडलेली. मी गळ्यातली मापाची टेप काढून खुर्चीवर ठेवली, मधे येऊ नये म्हणून. कशाच्या मधे, ते त्या क्षणी मला माहीत होतं. छोटी कात्री घेतली आणि टाके उसवले. एकेक. घाईत कापले असते तर सुताचे तंतू जोडाला चिकटून राहिले असते, हे मला सुचलं होतं. टेप सोडवली, कतरणीच्या टोपलीत खाली खुपसली. मग बाहेर जाऊन ओरडले.

का, ते मी अकरा वर्षं शोधते आहे. भीती, एवढंच सापडतं. पण भीतीने हात कापायला हवे होते. माझे हात कापत नव्हते.

दादांनी मला वाचायला शिकवलं हे तुम्हाला माहीत आहे. छापखान्यातले बिघडलेले कागद ते माझ्या बेतण्यासाठी आणायचे, मी त्यावर माप आखून कापायची आणि कापता कापता अक्षरं जुळवायची. गोष्ट अशी बाही जोडतात त्या मुंढ्यापाशी तुटायची. पुढे काय झालं विचारलं की म्हणायचे, "बाहीत बघ, बाहीत असेल." ते गेल्यावर मी वाचनालयात नाव घातलं. दिसेल ते वाचत गेले. तिथे एकदा प्रथमोपचाराचं पुस्तक हाती लागलं. त्यात विजेच्या धक्क्याचं पान होतं. हृदय थांबलं तर पहिल्या चार मिनिटांत छाती दाबत राहावं, माणूस परत येऊ शकतो, असं लिहिलं होतं. चित्रही होतं. आमचा चावीवाला पूर्वी खाणीत होता, त्याला ते येत होतं. त्याने आल्या आल्या केलंही. मला वाटलं होतं तो रडतो आहे म्हणून दादांवर वाकला आहे.

वाचता येत नसतं तर बरं झालं असतं, असं मला एकदाच वाटलं, ते त्या दिवशी.

घरी येऊन मी एका चिंधीवर चौदा टाके घातले आणि घड्याळ समोर ठेवून उसवले. किती वेळ लागला ते लिहीत नाही. चार मिनिटांच्या आत होतं. पण ती मिनिटं त्या चारातूनच गेली.

डॉक्टर सगळ्यांना म्हणाले होते की ते जागच्या जागी गेले. तसंच असेल. मला ते कधीच कळणार नाही आणि तेच बरोबर आहे.

आता सगळं लिहिलं.


११ मार्च

भावोजी,

वीज तपासणीच्या कचेरीत जाऊन आले. दोन मजले चढून, तीन टेबलं फिरून. एका टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्यावर कुणी नव्हतं. शेवटी खिडकीतल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने बसा म्हटलं. मी तारीख सांगितली.

"बाई, अकरा वर्षांपूर्वीची फाइल? तिला बांधलेली फीतसुद्धा उंदरांनी खाल्ली असेल."

"फाइल नको. तिच्यात एक चूक आहे, ती दुरुस्त करायची आहे."

"सरकारी कागदात चूक नसते, फार तर दुसरा कागद असतो." मग त्याने पेन खाली ठेवलं. "नवा पुरावा आहे?"

"मी आहे."

मी त्याला थोडक्यात सांगितलं. त्याने ऐकून खिडकीची झडप अर्धी ओढून घेतली. मग म्हणाला की लेखी जबाब दिला तर परवान्याचा विचार पुन्हा होऊ शकतो, तशी तरतूद आहे. पण मी जे सांगितलं ते कागदावर आलं की तो कागद पोलिसांकडे जाईल. पुरावा लपवला, असं त्याला म्हणतात. "घरात कोण आहे?" मी म्हटलं, सासूबाई. "त्यांना माहीत आहे?" मी नाही म्हटलं. "मग आधी त्यांना सांगा. बाहेरून कळण्यापेक्षा बरं. कोरा कागद इथे मिळतो, त्याची काळजी करू नका."

त्यामुळे आता आईंना सांगायचं आहे. त्यांना खरं कळलं तर तुम्हाला येता येईल, त्यांच्या हातात तुमचा हात असताना त्या जातील. नाही कळलं तर तुम्हाला शिव्या देत जातील. डॉक्टर कालही येऊन गेले. पायांना सूज चढली आहे. फार दिवस नाहीत.

तुमच्या ताईंना आधी सांगावं का, असं मनात आलं. मग वाटलं, ती पळवाट होईल, त्या रडतील, मी त्यांना समजावत बसेन, आणि आईंना सांगायचं राहून जाईल.

अजून सांगितलेलं नाही.


१६ मार्च

भावोजी,

आज सांगून झालं त्याला तीन दिवस झाले. नीट लिहिते, तुम्हाला सगळं कळायला हवं.

दुपार होती. आईंना दूध पाजलं. मी म्हटलं, आई, मला एक बोलायचं आहे. त्या म्हणाल्या, "झाली हिची टेप सुरू. पाण्याचं ना? कोमटच होतं आज." मी सुरुवात केली आणि पाण्याचंच बोलले. तीनदा असंच झालं. शेवटी उठून बटणांच्या डब्याखालून कॅसेट काढली.

या कॅसेटचं तुम्हाला माहीत नसेल. मी शिवत असताना ऐकायला म्हणून दादा पुस्तकं वाचून टेप करून ठेवायचे. बाकीच्या कॅसेट आईंनी इतक्यांदा ऐकल्या की झिजल्या. ही एक मी त्यांच्यासमोर कधी लावली नाही. गुंतली आहे, तुटली आहे, असं सांगत आले. एकदा खरंच गुंतली होती, पेन्सिल घालून सोडवली, तुटलेल्या जागी चिकटपट्टी लावून जोडली. टाकून द्यायला हवी होती. तिच्यात त्यांचा आवाज आहे, नाही टाकवली.

लावली. दादा एका खलाशाची गोष्ट वाचत आहेत. आईंचं तोंड एकदम आवाजाकडे वळलं. मधेच वाचणं थांबतं आणि ते हसत म्हणतात, "अग, हे काय? वायरीला झबलं शिवलंस? धाकट्याला दाखवायला हवं, तो धंदाच बदलेल." मागून माझा आवाज येतो, "डाग पडत होते त्याच्या टेपचे. तुम्ही वाचा पुढे." आणि ते पुढे वाचतात.

आईंनी म्हटलं, पुन्हा लाव. पुन्हा लावली. मग म्हटलं, बंद कर.

बराच वेळ त्यांची बोटं गोधडीच्या कडेवरून फिरत होती. कडेचे टाके माझेच आहेत.

"वायरीला शिवलं होतंस ते मग कुठे गेलं?"

मी सांगितलं. उसवलं, टोपलीत टाकलं.

"ओरडायच्या आधी की नंतर?"

भावोजी, अकरा वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, पोलिसांनी नाही. त्यांनी एका दमात विचारलं.

मी म्हटलं, "आधी."

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी त्याला रोज शिव्या दिल्या. तू शेजारी बसून ऐकायचीस. कधी पाणी आणून द्यायचीस, घसा कोरडा पडला म्हणून."

हो म्हटलं.

"आता कुणाला देऊ? तोंड तेच आहे, सवय झाली आहे."

मी त्यांचे पाय दाबायला घेतले, रोजची वेळ होती. त्यांनी पाय ओढून घेतले. सूज असताना ते ओढायला त्यांना किती त्रास झाला ते मी बघितलं. म्हणाल्या, "नको. ताईला बोलावून घे."

शेजारच्या चावीवाल्याच्या मुलीला पाठवून ताईंना बोलावलं. त्या आल्या, आईंनीच त्यांना सांगितलं, दोन वाक्यांत. ताई माझ्याकडे बघेनात. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. संध्याकाळी आईंनी मला हाक मारली. सूनबाई म्हणून नाही, नुसतं "अग" म्हणून.

"धाकट्याला लिही. म्हणावं, आई वाट बघते आहे, लवकर ये. आणि हेही लिही की तो येईल तेव्हा तू या घरात नसशील. तो चांगला आहे, तुझ्यासमोर काही बोलणार नाही. मला त्याचं बोलणं ऐकायचं आहे."

मी म्हटलं, लिहिते.

"चूक माफ केली असती," त्या म्हणाल्या. "अडाणीपणा कुणाच्या हातून होत नाही? पण तू त्याला बघत होतीस आणि शिलाई उसवत होतीस." एवढं बोलून त्यांना दम लागला. ताईंनी त्यांना टेकवून बसवलं. मी पुढे झाले होते, मागे सरले.

त्यांचं बरोबर आहे. मला यावर काही म्हणायचं नाही, आणि तुम्ही माझ्या वतीने त्यांच्याशी काही बोलू नका.

हे सगळं तेरा तारखेचं. तुम्ही या. पहिली मिळेल ती गाडी पकडून या. आईंना डाव्या कानाने जास्त ऐकू येतं, त्या बाजूला बसा. पाणी कोमट लागतं, कढत नाही, कढत हवं म्हणतात ते खरं नसतं. रात्रीची गोळी निम्मी करून द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत जाऊन जबाब लिहून दिला आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली. दुपारी हातगाडी करून मशीन शाळेमागच्या खोलीत नेलं, तिचा पत्ता कारकुनाकडे लिहून ठेवला आहे, पोलीस विचारतील म्हणून. घराची किल्ली ताईंना दिली.

वहिनी